घट्ट चहा

बारावीनंतर प्रवेशासाठी बाबा माझ्याबरोबर आले ते सकाळची पाळी संपवून, खाकी गणवेशातच. ते बसमध्ये कंडक्टर होते. तिकिटांची पेटी डेपोत जमा केलेली असायची, पण तिच्या पट्ट्याने शर्टाच्या खांद्यावरचा रंग उडालेला होता, तो काही जमा करता येत नव्हता. कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी माझे मार्क पाहिले आणि म्हणाल्या, "केमिकलला नाही लागणार नंबर. फूड टेक्नॉलॉजीला लागेल."

"म्हणजे काय असतं ते?" बाबांनी विचारलं.

"बिस्किटं, जॅम, सॉस. त्याचं शास्त्र."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला केमिकल करायचं नव्हतं आणि बिस्किटंही करायची नव्हती. उन्हात उभं राहून पाय दुखायला लागले होते, एवढंच. माझं करिअर असं ठरलं.

घरी आई म्हणाली, "शेवटी स्वयंपाकच करायचा तर मी घरी शिकवला असता की." बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी डेपोत सांगून टाकलं की मुलगी अन्नाची इंजिनीअर होणार. पुढे कितीतरी दिवस त्यांचे ड्रायव्हर मित्र लालबागला घरी आले की मला विचारायचे, पावाला बुरशी का येते, तांदळात किडे कुठून येतात. मी सांगायचे. बाबा शेजारी बसून बशीतून चहा प्यायचे आणि माझ्याकडे न बघता ऐकायचे.

शिकताना मला हा विषय आवडला असं म्हणता येणार नाही. जमला. पहिली नोकरी तळोज्याच्या कारखान्यात. पट्ट्यावरून जाणाऱ्या पाकिटांमधून मधलीच काही उचलायची, वजन करायचं, फोडून बघायचं. नंतर एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात जागा मिळाली. ऑफिस परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. आमची चाळही तोवर पडून तिथे टॉवर झाला होता आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर राहायला गेलो होतो. घरून ऑफिसला मी चालत जायचे.

माझं काम बिस्किटाच्या कुरकुरीतपणाचं होतं. एक यंत्र आहे. त्याच्या दोन पट्ट्यांवर बिस्किट ठेवायचं, वरून पातं हळूहळू खाली येतं आणि बिस्किट मोडतं. मोडायला किती जोर लागला त्याचा आलेख पडद्यावर उमटतो. दिवसभर मी बिस्किटं मोडायचे. त्याशिवाय आठवड्यातून दोनदा चव बघायला बसायचं. छोट्या छोट्या कप्प्यांत एकेक जण, वर लाल दिवा, म्हणजे रंगावरून कोणाचं मत बनू नये. समोर नुसते आकडे लिहिलेल्या वाट्या. सुरुवातीलाच आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, सांगितलं होतं, "आवडलं की नाही ते आम्हाला नको. गोड किती, खारट किती, दातांना किती चिकटतं, तेवढं सांगायचं." मी त्यात चांगली होते. सर म्हणायचे, तुझ्या जिभेवर भरवसा ठेवता येतो. हळूहळू मला घरच्या जेवणातही तेवढंच कळायला लागलं. आईने विचारलं, आमटी कशी झालीय, तर मी म्हणायचे, आंबटपणा जरा पुढे आलाय. आई नंतर विचारेनाशी झाली.

बाबा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. एका सकाळी ते खिडकीजवळ चहा पीत बसले होते आणि मी पायात चपला घालत होते. चहा त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली यायला लागला. ते पितच राहिले. बनियन भिजली, तरी त्यांना कळलं नाही. मी हाक मारली तर त्यांनी जे उत्तर दिलं त्यात एकही शब्द नव्हता.

परळच्याच हॉस्पिटलात नेलं. मेंदूत गुठळी झाली होती. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. डावा हात आणि पाय लुळे पडले, बोलणं जड झालं, पण कळत होतं सगळं. काही दिवस नाकातून नळी होती. ती काढायची म्हटल्यावर स्पीच थेरपिस्ट आल्या. माझ्याच वयाच्या, केस घट्ट बांधलेले. मला वाटलं, बोलणं सुधारायला आल्यात. त्यांनी बाबांना सरळ बसवलं, चमच्याने थोडं पाणी दिलं आणि दोन बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवून थांबल्या. बाबांनी गिळलं. मग खोकला आला, आणि खोकल्यानंतर त्यांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा झाला.

"पाणी चुकीच्या वाटेने जातंय," त्या मला म्हणाल्या. "फुप्फुसात. पातळ काहीच द्यायचं नाही. पाणी, चहा, ताक, काही नाही. सगळं घट्ट करून द्यायचं, म्हणजे ते सावकाश उतरतं आणि गळ्याला तयारीला वेळ मिळतो."

त्यांनी पिशवीतून एक डबा काढला आणि त्यातली पावडर पाण्यात ढवळून दाखवली. मी डबा हातात घेऊन मागची अक्षरं वाचली. झॅन्थन गम. आमच्या प्रयोगशाळेत त्याची पोती होती. सॉस बाटलीतून भसकन पडू नये म्हणून ते घालतात.

"तुम्ही मेडिकलच्या आहात का?" मी ज्या तऱ्हेने डबा वाचत होते ते बघून त्यांनी विचारलं.

"नाही. बिस्किटांत आहे," मी म्हणाले.

घरी आल्यावर पहिला घट्ट चहा मीच केला. डब्यावर लिहिल्याप्रमाणे पावडर घातली, गुठळ्या होऊ दिल्या नाहीत, चमच्यातून ओघळ कसा पडतो ते पाहिलं. अगदी बरोबर जमला होता. बाबांनी एक चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि गिळला. मग जड जिभेने म्हणाले, "ही चाय न्हय. ही खळ आसा."

घरी ते मालवणीतच बोलायचे. खळ म्हणजे पोस्टर चिकटवायची. आईला हसू आलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आई सगळं मिक्सरमधून काढायची. वरणभात, भाजी, पोळी, एकत्र. ते मातकट रंगाचं व्हायचं आणि रोज तसंच दिसायचं. बाबा दोन चमचे खाऊन तोंड मिटायचे. आई चमचा ओठाशी धरून उभी राहायची, जसं लहान मुलाला धरतात. "अहो, एक घास," ती म्हणायची. ते भिंतीकडे बघायचे. त्यांच्या गालांची हाडं वर आली. मी ऑफिसला जायचे, बिस्किटं मोडायचे, संध्याकाळी येऊन आईला विचारायचे किती गेलं पोटात. ती वाटी दाखवायची. मला वाईट वाटत असणारच. पण त्या वेळचं मला आठवतं ते हे की, मी वाटीतल्या उरलेल्याकडे बघून पाणी वेगळं सुटलंय हे बघत होते. पाणी सुटणं धोक्याचं असतं. घास घट्ट दिसतो, पण आधी पाणीच घशात जातं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी सरांना विचारलं, प्रयोगशाळेत थोडं काम माझ्यासाठी करू का. कशासाठी तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वडील काय खायचे आधी?" त्यांनी विचारलं.

"बांगडा. रोज मिळाला तरी."

"मग बांगड्यापासून सुरू कर," ते म्हणाले. "आणि इतर नमुन्यांसारखाच आकडा दे त्याला. म्हणजे फ्रिजमधून कोणी फेकून देणार नाही."

तर बांगड्याला आकडा मिळाला. मी मासे वाफवून, काटे काढून, वाटून, बारीक चाळणीतून दोनदा घासून घेतले. तिखट घशाला लागू नये म्हणून मिरची कमी केली. कोकम ठेवलं. पहिल्या प्रयत्नात रबर झालं, दुसऱ्यात पाणी सुटलं. पुढच्या एका खेपेला मला वाटलं, दिसायलाही मासा असावा. मसजिद बंदरला माशाच्या आकाराचा साचा मिळाला, केकवाल्यांसाठीचा. त्यात ते वाटण जमवलं आणि डब्यातून घरी आणलं. ताटात उलटं केलं तर खरंच खवले आणि शेपूट असलेला करडा मासा बाहेर पडला. आई दोन पावलं मागे सरली.

बाबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "ह्यां माशाचां भूत," ते म्हणाले, आणि हसायला लागले. आजारपणात पहिल्यांदा. हसताना त्यांचा चेहरा एकाच बाजूने हलायचा. मग ठसका लागला आणि आम्ही दोघी त्यांना पुढे वाकवून पाठ चोळत राहिलो.

साचा मी शेजारच्या मुलीला देऊन टाकला. पण दुसरी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. झॅन्थन गममुळे वास अडकून राहतो, वर येत नाही. म्हणजे चव घातलेली असते, ती नाकापर्यंत पोचत नाही. बाबा चहाला खळ म्हणत होते ते खोटं नव्हतं. मी चहाची पूड वाढवली, आलं वाढवलं, गम कमी करून दुसरं एक वापरून पाहिलं. बांगड्याच्या कढीत तिरफळ नुसतं न घालता तेलात वेगळं उतरवलं आणि ते तेल अगदी शेवटी, वाढताना वरून घातलं. त्या संध्याकाळी वाटी समोर ठेवली तेव्हा बाबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी उजव्या हाताने स्वतः चमचा घेतला. सगळी वाटी संपवली, सावकाश, प्रत्येक घासाला हनुवटी खाली घेत, थेरपिस्टनी शिकवल्याप्रमाणे.

आई दारात उभी होती. "खाल्लं," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, माहीत नाही.

मी टॉर्च घेऊन बाबांच्या गालात काही उरलंय का ते तपासलं. काही उरलं नव्हतं. त्या वेळी मला आनंद व्हायला हवा होता, असं आता वाटतं. मला आठवतंय ते एवढंच की टॉर्चचा सेल उतरत आला होता आणि उजेड पिवळा पडला होता.

त्यानंतर सुरमई झाली, कोलंबी झाली, आईच्या हातची वालाची उसळ झाली. आई घरी फोडणी करायची, मी वाटण चाळून घट्ट करायचे. बाबांचं वजन थोडं वर आलं. थेरपिस्ट महिन्याच्या तपासणीला वाटीतलं चाखून म्हणाल्या, "हे आमच्या वॉर्डात मिळालं असतं तर." मी म्हटलं, टिकत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला नोकरीत टिकवायचंच तर शिकवलंय ना.

पण चहा काही केल्या जमला नाही. बाबा बांगडा खायचे, उसळ खायचे आणि चहाचा कप समोर आला की डोळे मिटून घ्यायचे. एका रविवारी त्यांनी मला जवळ बोलावलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागायचा, आपण थांबायचं.

"माका चाय होयी," ते म्हणाले. "पातळ. बशीत वत."

"बाबा, फुप्फुसात जाईल. निमोनिया होईल."

"म्हायत आसा."

"मग?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "सगळां घट्ट झालां," ते म्हणाले.

मी आईला सांगितलं, हट्ट करतायत. आई भांडी पुसत होती. ती म्हणाली, "मी देणार होते. परवाच. ओतलासुद्धा होता बशीत. मग तुझी भीती वाटली."

माझी भीती वाटली हे मला आईच्या तोंडून नवीन होतं.

मी थेरपिस्टना भेटायला गेले. मला वाटलं, त्या रागावतील आणि मग घरी जाऊन मला ते सांगता येईल. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. धोका आहे, तो कमी करता येतो, संपवता येत नाही. दात आणि जीभ आधी स्वच्छ करायची, ताठ बसवायचं, छोटा घोट, हनुवटी खाली, मध्ये थांबायचं. "पण ठरवायचं त्यांनी," त्या म्हणाल्या. "त्यांना कळतंय ना सगळं? मग आपण त्यांना विचारायचं. सगळ्यांनी मिळून, डॉक्टरांसमोर."

डॉक्टरांसमोर बाबांना विचारलं. त्यांनी उजवा हात वर केला, बस थांबवायला करायचे तसा नाही, शाळेत मुलं करतात तसा. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे आजोबा, दिवसातून एक बशी."

मग रोज सकाळी एक बशी. आई चहा करायची, मी बाबांचे दात घासून द्यायचे, उशा लावून बसवायचे. बशी त्यांच्या ओठाशी आईच धरायची. पहिल्या दिवशी त्यांनी घोट घेतला, थांबले, गिळला. ठसका लागला नाही. आईकडे बघून त्यांनी मान हलवली. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. आई म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?" ते "हो" म्हणाले, अगदी स्वच्छ, आजारी नसल्यासारखे. पावसाळाभर असं चाललं. त्या बशीनंतर मी ऑफिसला निघायचे.

गणपती होऊन गेल्यावर त्यांना ताप आला. छातीत घरघर होती. हॉस्पिटलात एक आठवडा काढला आणि एका दुपारी, आई त्यांच्या पायांना तेल लावत असताना, ते गेले. मी खाली औषधांच्या दुकानात होते. वर आले तर आईने पाय झाकले होते आणि तेलाची बाटली झाकण लावून खिडकीत ठेवली होती.

मी डॉक्टरांना विचारलं, चहामुळे का. ते म्हणाले, सांगता येत नाही. स्वतःची लाळसुद्धा आत जाते अशा माणसांची, चहा दिला नसता तरी झालं असतं कदाचित. कदाचित नसतंही. मी पुन्हा विचारलं नाही. आईने तर एकदाही विचारलं नाही.

मला रडू आलं नाही. नातेवाईक येत होते, आईच्या गळ्यात पडत होते, माझ्याकडे बघून म्हणत होते, पोर खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई मारल्यावर गाल जसा असतो तसं होतं. आपलाच असतो, चावला तरी कळत नाही.

दिवसकार्य झाल्यावर कामावर गेले. त्याच दिवशी चवीची बैठक होती. सर म्हणाले, नको बसूस आज. मी बसले. लाल दिव्याखाली वाट्या आल्या. मी प्रत्येक वाटीसाठी किती गोड, किती खारट, ते भरून दिलं. नंतर सगळ्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा माझे नेहमीसारखेच नेमके निघाले. मी ते आकडे बघत बसले होते. थोडे तरी चुकायला हवे होते असं वाटलं.

काही महिन्यांनी सरांनी विचारलं, म्हाताऱ्या माणसांसाठी, गिळायला त्रास असलेल्यांसाठी काही पदार्थ कंपनी करू पाहते आहे, तू बघशील का. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. वर्षभर त्यावर काम केलं. पाकिटात टिकणारी मऊ खिचडी, घट्ट ताक, माशाची कढी. टिकण्यासाठी उष्णता दिली की तिरफळाचा वास मरायचा. तो काही शेवटपर्यंत वाचवता आला नाही. वरच्या साहेबांपुढे वाट्या मांडल्या. त्यातल्या एकाने चमचाभर ताक तोंडात घेतलं आणि चेहरा आक्रसून विचारलं, "कौन पिएगा ये?"

"ज्यांना पातळ चालत नाही ते," मी म्हणाले.

ते साहेब चांगले होते, दुसरा चमचाही त्यांनी घेतला. पण हिशेब बसला नाही. गिऱ्हाईक विखुरलेलं आहे, असं ठरलं आणि काम बंद झालं. मी परत बिस्किटांवर आले. अजून तिथेच आहे. आता माझ्या हाताखाली दोन मुली आहेत, त्याच यंत्रावर.

काम बंद झाल्याचं मी थेरपिस्टना फोनवर कळवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग घरी करता येईल असं शिकवायला या." म्हणून आता महिन्यातल्या एका शनिवारी मी हॉस्पिटलात जाते. बाह्यरुग्ण विभागामागच्या खोलीत एक शेगडी, एक मिक्सर आणि चाळण्या आहेत. पेशंटचे घरचे येतात. मी पाणी कसं सुटतं, ते कसं ओळखायचं, वास शेवटी का घालायचा ते दाखवते. लोक आपापल्या घरचं विचारतात. भायखळ्याच्या एका बाईंना खिमा करायचा होता नवऱ्यासाठी. वरळीहून येणाऱ्या एका मुलाला आईसाठी भाकरी हवी होती. भाकरी मला अजून जमलेली नाही, तसं त्याला सांगितलं. पुढच्या वेळी तो स्वतःच काहीतरी करून घेऊन आला, ज्वारीच्या पिठाचं, गूळ घातलेलं. बरं झालं होतं. चाळणी मात्र आणखी बारीक हवी होती.

आई एकदाच आली होती बघायला. मागे बाकावर बसली. सगळे गेल्यावर म्हणाली, "तू बोलतेस चांगली." घरी जाताना परळच्या पुलावर ती माझ्या दंडाला धरून चालत होती, गुडघे दुखतात म्हणून. मध्येच म्हणाली, "मी दिला चहा. तू नव्हतास दिला." मुलगा असल्यासारखं ती कधीकधी बोलते. मी म्हटलं, "आपण दिला." तिने हात सोडला नाही, पूल उतरल्यावरही.

गेल्या शनिवारी वर्ग लांबला. सगळी भांडी मोरीत पडली होती. थेरपिस्ट घासत होत्या, मी विसळत होते. खिडकीतून कॅन्टीनचा फोडणीचा वास आला. कांदा जरा जास्त परतला गेला होता, असं मी त्यांना सांगणार होते, पण मी नळ बंद केला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी हात पुसले.

"चला," मी म्हणाले, "आधी जेवू. भूक लागलीय."